आधी दाराची वेणी काढून बघा

मागच्या अंकात घरच्या वॉशिंग मशीनच्या अर्थिंगबद्दल लिहिताना मी सहज सांगून गेले, की माझी १८ वर्षं कॅसिनोतली स्लॉट मशीनं दुरुस्त करण्यात गेली. आधी एका हॉटेलात, मग गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर. त्यावर एवढी पत्रं आली की हा अंक त्यांनाच दिलाय. बहुतेकांना एकच विचारायचंय: खिशातल्या रिमोटसारख्या, लहरी सोडणाऱ्या वस्तूने (बोलीत 'जॅमर') मशीन दुरून फसवता येतं का, आणि येत असेल तर ते थांबवायचं कसं? मशीन कसं फसवायचं हे मी सांगणार नाही. कसं राखायचं, ते मात्र हातचं न राखता सांगते.

ताई, नमस्कार. मी पेडण्याचा. पाच महिन्यांपूर्वी मांडवीतल्या एका बोटीवर स्लॉट टेक्निशियन म्हणून लागलो. आमच्याकडे मशीनच्या रांगेत 'अँटी-जॅमर' म्हणून छोटे डबे लावलेत. जवळ कोणी वायरलेस यंत्र चालवलं की लाल दिवा लागतो, असं सांगतात. पण तो दिवा रात्रभर लागतच असतो. लागला की सिक्युरिटीवाले समोरच्या गिऱ्हाइकाला उठवून खिसे बघतात. गेल्या आठवड्यात एका बाईंना रडू फुटलं. मला हे बरं वाटत नाही, पण मी नवा आहे. काय करू?

बाबा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला जे बरं वाटत नाही ते खरंच बरं नाही, आणि त्याचं कारण त्या डब्यातच आहे.

तो डबा फक्त हवेतल्या रेडिओ लहरी हुंगतो. कोणाच्या, कशासाठी, हे त्याला कळत नाही. आता तुझी बोट बघ. प्रत्येक खिशात फोन आहे. बोटीच्या पोलादी भिंतींमुळे आत सिग्नल कमजोर येतो, आणि सिग्नल कमजोर झाला की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी आपली ताकद वाढवतो. त्यात तुमचं वाय-फाय, सिक्युरिटीचे वॉकी-टॉकी, धक्क्यावरून माणसं आणणाऱ्या छोट्या बोटींचे रेडिओ. दिवा लागणारच. 'इथे रेडिओ आहे' एवढंच तो सांगतो. 'इथे चोर आहे' हे तुमच्या माणसांनी त्याच्या तोंडी घातलंय.

आता लहरी मशीनला त्रास देतात कशा ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कुठलीही तार अँटेना होऊ शकते. लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी तार असली की ती फार छान अँटेना होते. १५० मेगाहर्ट्झच्या वॉकी-टॉकीची लहर २ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ५० सेंटीमीटर. तुझ्या मशीनमध्ये नोट घेणाऱ्या भागापासून मुख्य बोर्डापर्यंत जाणारी तार मोज. जुन्या मशीनमध्ये जवळपास तेवढीच भरेल. जोरकस लहर तिच्यावर चढली की बोर्डाच्या तोंडाशी असलेल्या चिपला ती खऱ्या संदेशासारखी वाटू शकते. मग कधी मशीन अडकतं, कधी आपणहून पुन्हा सुरू होतं, कधी दार बंद असताना 'दार उघडं' म्हणून ओरडतं. अगदी जुन्या मशीनवर फुकटचं क्रेडिटही, म्हणजे खेळायला मिळणारी शिल्लकही, चढते.

हे होऊ नये म्हणून मशीनची पेटी लोखंडी असते, आणि ती पेटी, दार, चौकट सगळं एकमेकांना धातूने घट्ट जोडलेलं असावं लागतं. दाराची फट जेवढी लांब, तेवढ्या लहरी आत शिरतात. १५ सेंटीमीटरची फट १ गिगाहर्ट्झच्या लहरीला दरवाजाच. म्हणून दाराच्या कडेने धातूची स्प्रिंगसारखी पट्टी असते आणि बिजागरीपाशी तांब्याची चपटी विणलेली वेणी असते. चपटीच का? उंच कंपनांना गोल तारेपेक्षा रुंद पट्टीतून जाणं सोपं जातं.

आणि इथे आपली मांडवी येते. खारा वारा आणि पावसाळ्यातला दमट अंधार यांनी त्या वेणीवर हिरवा कळंक चढतो. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसत, कळकेल म्हणून. तोच कळंक. बाहेरून काही दिसत नाही, पण वेणी जिथे स्क्रूखाली दाबलेली असते तिथे धातू धातूला लागतच नाही.

मी हे कशी शिकले ते सांगते, कारण त्यात एका माणसाचा अपमान झालाय आणि तो मी अजून विसरले नाही. २००५ची गोष्ट. मी तेव्हा हॉटेलात होते. टोकन पडणारी जुनी मशीनं. कॉरिडॉरच्या दाराजवळच्या रांगेत रोज रात्री ११ नंतर क्रेडिट आपोआप दोन-तीनने वाढायचं. पोरं म्हणायची, "ताई, मशिनाक भूत लागलां." साहेबांचं मत होतं की कोणीतरी जॅमर घेऊन येतंय. तिसऱ्या रात्री त्या मशीनवर बेळगावचे एक आजोबा बसले होते. शर्टाच्या खिशात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यातून एक तार वर कानाकडे गेलेली. त्यांना मागच्या खोलीत नेलं. डबी काढून घेतली आणि उघडायला माझ्या हातात दिली. मी उघडली. आत बॅटरी, छोटा माइक, आवाजाचं चाक. कानाचं यंत्र होतं ते. एवढा वेळ सगळे त्यांना दरडावून विचारत होते आणि ते नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, कारण ऐकण्याचं साधन आम्हीच काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी त्या मशीनपाशी बसले. दाराच्या वेणीला मल्टीमीटर लावला, बीप वाजला, म्हणजे जोड आहे. आधीही सगळ्यांनी एवढंच बघून 'अर्थिंग ओके' लिहिलं होतं. मग मी स्क्रू काढला. खाली एका बाजूला रंग होता, कारखान्यातला, कधी खरवडलाच नव्हता. दुसऱ्या बाजूला हिरवी पूड. मीटरचा बीप स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम मिळत होता. मीटरच्या बारीक करंटला तेवढं पुरतं, रेडिओला पुरत नाही. रात्री ११ला त्या दारावर वॉचमन बदलायचा. त्याला बोलावून म्हटलं, इथे उभा राहून वॉकी-टॉकीचं बटण दाब. त्याने दाबलं. समोर क्रेडिट दोनने वाढलं.

५ वॅटचा वॉकी-टॉकी अर्ध्या मीटरवर धरला तर हिशेबाने २० व्होल्ट प्रति मीटरच्या वर क्षेत्र तयार होतं. घरगुती उपकरणं साधारण ३ला आणि कारखान्यातली १०ला टिकतात का, एवढं तपासलेलं असतं. आमच्याच माणसाच्या कमरेला 'जॅमर' लटकत होता. आजोबा तोवर सकाळच्या गाडीने निघून गेले होते.

म्हणून बाबा, आता हे कर. एक वही घे. लाल दिवा लागला की वेळ आणि मशीन नंबर लिही, आणि त्याच मिनिटाचा मशीनचा इव्हेंट लॉग, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती घडामोडींची नोंद, उघडून त्यात काय आहे ते शेजारी लिही. दिवा लागला आणि लॉग गप्प असेल तर काहीही झालेलं नाही, गिऱ्हाइकाला हात लावायचं कारण नाही. लॉगमध्ये काही असेल तर त्या मशीनचा नोटांचा मीटर, म्हणजे किती नोटा आत गेल्या हे मशीन सांगतं तो आकडा, आणि पेटीतली मोजलेली रोकड ताडून बघायला सांग. पैसे न टाकता क्रेडिट चढलं असेल तर तेवढी रोकड तिथे कमी पडणारच, तो आकडा कोणाला लपवता येत नाही. मशीन अडकलेलं असेल, पण हिशेब जुळत असेल, तर तो बिघाड आहे. पंधरा दिवसांची वही झाली की ती आवाज न चढवता मॅनेजरपुढे ठेव. तू नवा असलास तरी वहीतले आकडे कोणी नवे म्हणून बाजूला सारत नाही.

आणि त्या रांगेतल्या प्रत्येक मशीनची वेणी काढ. वर-खालचा रंग चमक येईपर्यंत खरवड, दातेरी वॉशर घाल, वेणी काळी-हिरवी पडली असेल तर नवी लाव. बोटीवर जमीन नसते, जहाजाचा पोलादी सांगाडा हीच अर्थ, त्यामुळे मशीनच्या पायापासून सांगाड्यापर्यंतचा जोडही बघ. वॉकी-टॉकीवाल्यांना मशीनपासून दोन मीटर लांब उभं राहून बोलायला सांग. त्यालाही पैसे लागत नाहीत.

म्हापशात माझा छोटा गेम झोन आहे. मुलांची गाड्यांची, बास्केटबॉलची, तिकिटं देणारी मशीनं. जुगार नाही. दोन मशीनवर टोकन न टाकता क्रेडिट वाढतं. सप्लायर म्हणतो बोर्ड बदला, २२ हजार. बदलू का?

दादा, थांबा. बोर्ड सगळ्यात शेवटी.

तुमच्या मशीनमधला कॉइन अ‍ॅक्सेप्टर टोकन पडलं की तारेवर एक ठोका पाठवतो आणि बोर्ड ठोके मोजतो. खरा ठोका सेकंदाच्या साधारण विसाव्या ते दहाव्या भागाएवढा लांब असतो. रेडिओचा किंवा स्टॅटिकचा झटका त्यापेक्षा फारच आखूड. बोर्ड नुसता 'ठोका आला' एवढंच बघत असेल तर तो दोन्ही मोजतो. बऱ्याच बोर्डांच्या सेटिंगमध्ये ठोक्याची लांबी ठरवता येते. ती सगळ्यात कमीवर असेल तर वाढवा. तेवढ्याने अर्धं दुखणं जातं.

मग अ‍ॅक्सेप्टरची तार. मोटर आणि दिव्यांच्या तारांबरोबर बांधलेली असेल तर वेगळी करा. सिग्नल आणि ग्राउंडच्या तारा एकमेकींना पीळ घालून न्या, आणि बोर्डाच्या तोंडाशी फेराइटचा कडा बसवा. लॅपटॉपच्या चार्जरवर जो जाड गोळा दिसतो, तोच. तार त्यातून दोन-तीन वेढे घालून काढली तर जास्त गुण येतो. कापडबाजारातल्या पिनांएवढा खर्च आहे त्याला.

एक विचारते. एसी किती थंड ठेवता? खाली कार्पेट आहे? कोरड्या थंड हवेत मुलं मोजे घालून कार्पेटवर पळतात आणि मशीनला हात लावतात, तेव्हा अंगातली वीज हजारो व्होल्टने उतरते. मुलाला नुसती चिमटी बसते, पण मशीनला ती ठोका वाटू शकते. क्रेडिट गर्दीच्या वेळीच, मुलाने हात लावताच वाढत असेल, तर कोणाच्या खिशात जॅमर शोधू नका. तीन पिनांच्या प्लगमध्ये तिसरी पिन खरंच जमिनीपर्यंत पोचलीय का, ते वायरमनकडून बघून घ्या. मी पाहिलेल्या गेम झोनपैकी बऱ्याच ठिकाणी ती नुसती शोभेला असते.

ताई, मी कोल्हापूरचा. माझ्या मेव्हण्याने टेलिग्रामवर एक वस्तू बघितलीय. गाडीच्या चावीसारखी दिसते, स्लॉट मशीनला लावली की क्रेडिट वाढतं म्हणे. १८ हजार रुपये. तो गोव्याला येताना घेऊन येणार म्हणतोय. चालतं का हे?

नाही. त्याला आजच थांबवा.

व्हिडिओत दिसतं ते टेबलावर उघडं ठेवलेलं, दाराविना, स्वस्त बोर्डाचं मशीन असतं, आणि बहुतेक वेळा विकणाऱ्याचं स्वतःचंच. कॅसिनोतल्या आजच्या मशीनमध्ये नोट घेणारा भाग आणि बोर्ड एकमेकांशी ठोक्यांनी बोलत नाहीत. ते तपासणी-आकड्यांसह पूर्ण संदेश पाठवतात, आणि संदेशात एक अक्षर बिघडलं तरी तो फेकला जातो. वरून प्रत्येक मशीन दर थोड्या वेळाने मध्यवर्ती कॉम्प्युटरला आपले मीटर सांगत असतं. त्या चावीने फार तर मशीन अडकेल, आणि त्याच क्षणाचा कॅमेरा काढून बघितला जाईल.

१८ हजार तर गेलेच. पुढचं जास्त वाईट. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, ७ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आणि जॅमर बाळगायला केंद्र सरकारची परवानगी लागते. दूरसंचार खात्याने जानेवारी २०२२मध्ये लोकांना तसं स्पष्ट बजावलंय. तुमच्यासारख्याच दोघांनी विचारलंय, की मग कॅसिनोच आपला जॅमर लावून सगळ्या लहरी का बंद करत नाही? त्याच कारणाने. खाजगी आस्थापनेला ती मुभा नाही, आणि मांडवीत तर नसलेलीच बरी. नदीतल्या बोटी संकटात १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल १६वर हाक मारतात. कोणाच्या मशीनसाठी ती हाक बुडता कामा नये.

मेव्हण्याला समजावताना कायद्यापासून सुरुवात करू नका. 'तुला फसवतायत' इथून करा. माणूस ते लवकर ऐकतो.

मी फोंड्याला इंजिनीअरिंग शिकतो. वाचलं की रशियातल्या टोळीने मोबाइलवरून स्लॉट मशीनचा पुढचा डाव ओळखला होता. मशीनला हातही न लावता. हे खरं असेल तर शिल्डिंगचा, म्हणजे लहरी अडवणाऱ्या धातूच्या पेटीचा, काय उपयोग?

खरं आहे, आणि तुझा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत आवडला.

२०१४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या एका कॅसिनोत लक्षात आलं, की काही जुन्या मशीनांनी ठरल्यापेक्षा खूप जास्त पैसे दिलेत. कॅमेऱ्यात एक माणूस दिसला. एका हातात फोन मशीनच्या पडद्यासमोर धरलेला. थोडे डाव खेळायचा, निघून जायचा, परत यायचा. मग बटणावर बोट नुसतं टेकवून थांबायचा आणि एकदम दाबायचा. साधारण दोन डझन डावांचं चित्रण सेंट पीटर्सबर्गमधल्या साथीदारांना जायचं. तिकडून हिशेब होऊन वेळांची यादी यायची, आणि बटण दाबायच्या पाव सेकंद आधी फोन थरथरायचा. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये टोळीतले लोक पकडले गेले.

हे जमलं कशामुळे? मशीन आकडे 'यदृच्छेने' काढतं म्हणतात, पण आतला प्रोग्राम एका आकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असा ठरलेल्या सूत्राने काढत असतो. सूत्र माहीत असलं आणि आत्ता आपण साखळीत कुठे आहोत ते कळलं, की पुढचं सगळं कळतं. त्या टोळीकडे सूत्र होतं, आणि डावांच्या चित्रणावरून साखळीतली जागा कळत होती. म्हणजे लहर मशीनमध्ये शिरलीच नाही. मशीनच्या तोंडावर जे सगळ्यांना दिसत होतं तेच त्यांनी वाचलं. तांब्याची वेणी इथे काही करू शकत नाही, हे तुझं बरोबर.

याला उपाय सूत्रातच आहे. आजच्या मशीनमध्ये कूटशास्त्राच्या कसोटीला उतरलेलं सूत्र वापरतात. त्यात मागचे कितीही आकडे बघितले तरी पुढचा काढता येत नाही. शिवाय खऱ्या भौतिक गोंगाटातून, म्हणजे अर्धवाहकातल्या विजेच्या थरथरीतून घेतलेले आकडे मधूनमधून त्यात मिसळतात, आणि कोणी खेळत नसतानाही साखळी पुढे धावत ठेवतात. ज्या जुन्या मशीनला हे करता येत नाही ते काढून टाकायचं, एवढाच मार्ग. माझ्या मते खरा धोका इथेच असतो. जुनं मशीन चांगलं चाललंय, गिऱ्हाइकांना आवडतंय, म्हणून मालक ते काढत नाहीत. बाकीच्या देशांत निवृत्त झालेली मशीनं सेकंडहँड म्हणून कुठे ना कुठे येत राहतात.

फ्लोअरवरच्या माणसाने मात्र एक बघावं. साधा खेळणारा बटण दाबतच असतो, एका लयीत. बोट टेकवून, फोनकडे लक्ष ठेवून, वाट बघून दाबणारा वेगळा दिसतो. मी नव्या मुलांना सांगायचे, चेहऱ्याकडे, खिशाकडे बघू नका, बोटाकडे बघा. खिशावरून आम्ही बेळगावच्या आजोबांना पकडलं होतं.

कॅसिनोवालेच रिमोटने ठरवतात का, कोणाला जिंकवायचं? (सांगलीहून)

खेळणारा बसल्यावर कोणी बटण दाबून त्याला हरवत नाही. त्याची गरजही नसते. मशीन लांब पल्ल्यात किती टक्के परत देणार हे त्याच्या गणितातच लिहिलेलं असतं, आणि ते १००च्या आतच असतं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ते ७५च्या खाली जाऊ शकत नाही असा नियम आहे.

आतल्या माणसाची भीती मात्र खोटी नाही. त्याच नेवाडात सरकारी तपासणी खात्याचा रॉन हॅरिस नावाचा तंत्रज्ञ मशीनच्या चिपमध्ये स्वतःचा छुपा प्रोग्राम घालत होता. १९९५ साली तो उघडकीला आला. तपासणारा म्हणून मशीन उघडायचा हक्क त्यालाच होता. त्यावरून मी एक गोष्ट पक्की धरली: चिपमधल्या प्रोग्रामची सही, म्हणजे त्याच्यापासून काढलेला ठराविक आकडा, मंजूर आकड्याशी ताडताना दोन माणसं हवीत, आणि ती दोघं वेगवेगळ्या खात्यांची हवीत. मी स्वतः उघडलेल्या मशीनची सही मी कधीच एकटीने तपासली नाही.

मी डिचोलीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. कॅसिनोत टेक्निशियनची नोकरी मिळतेय. घरचे म्हणतात, गोंयकारांना आत बंदी आहे आणि मुलीच्या जातीला ते ठिकाण बरं नव्हे. तुम्ही काय म्हणाल?

माझ्याच गावची निघालीस. १ फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांना बंदी आहे ती खेळायला. कामाला नाही. बाकी घरच्यांचं बोलणं मीही ऐकलंय, २००३ साली, याच शब्दांत. १९९२मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत ही मशीनं आली आणि १९९६मध्ये बोटींना वाट मिळाली, तेव्हापासून आपल्याकडे यावर वाद आहे, आणि तो असावा. जुगाराने उठलेली घरं मी बघितलीयत. नोकरी घ्यायची की नाही हे तू ठरव. आईला एकदा धक्क्यापर्यंत बरोबर ने आणि रात्रीची परतीची सोय काय आहे ते नोकरी देणाऱ्यांकडून लेखी घे. मी तेवढं केलं होतं.

घेतलीस तर पिशवीत काय ठेवायचं ते सांगते. मल्टीमीटर ते देतील. तू स्वतःचा पितळी ब्रश घे, बारीक पॉलिश पेपर, दातेरी वॉशरची पुडी, पाच-सहा फेराइटचे कडे आणि एक लांब वही. मे संपायच्या आत एकदा आणि चतुर्थीच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आधी एकदा, प्रत्येक दाराची वेणी काढून बघ. बीप वाजला तरी काढून बघ.